मित्र सायकलवर, आपण नाक्यावर!

सायकल म्हटली की आपल्या घरांतल्या जुन्या माणसांना काय आठवते? कारखान्याचा भोंगा झाला की फाटकातून बाहेर पडणारा सायकलींचा लोंढा, कॅरेजला अडकवलेला डबा, पुढच्या दांडीवर बसवलेले लेकरू, पावसाळ्यात चिखलाने भरलेले मडगार्ड. सायकल ही आपल्याकडे हौसेची वस्तू नव्हती, पोटापाण्याची होती. म्हणून आमच्या दोन मित्रांनी चाळिशी उलटल्यावर ‘आम्ही सहाशे किलोमीटर सायकल चालवणार आहोत’ असे जाहीर केले तेव्हा त्यांतल्या एकाच्या म्हाताऱ्या आईने सरळ विचारले, “का रे, एस.टी.च्या भाड्याला पैसे नाहीत का?”

प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता. तिने उभ्या आयुष्यात सायकल चालवणारा माणूस पाहिला तो भाडे वाचवण्यासाठीच. मोकळ्या वेळात, स्वतःच्या खुशीने, रात्रभर सायकल मारणे हे तिच्या हिशेबात बसणारे नव्हते. आमच्याही सुरुवातीला बसले नाही. पण मित्रांनी एकदा मनावर घेतले म्हटल्यावर मागे हटून कसे चालेल? एक मित्र रेल्वेच्या कारखान्यात फिटर, दुसरा पोस्टमन. दोघांच्याही सायकली वापरलेल्या, दुसऱ्या हाताने घेतलेल्या. त्यांना सोबत करायला आम्ही तिघे: फिटर मित्राची पत्नी म्हणजे आमच्या वहिनी, शेजारचा एक कॉलेजचा मुलगा आणि हा मजकूर लिहिणारे आम्ही. वाचकहो, सायकल चालवणाऱ्यांविषयी पुष्कळ लिहिले जाते. आम्हाला त्यांच्यासाठी थांबणाऱ्यांविषयी चार शब्द लिहायचे आहेत.

आधी हा प्रकार काय ते सांगितले पाहिजे. याला बीआरएम म्हणतात. फ्रान्समधील ‘ऑडॅक्स क्लब पॅरिसियाँ’ या संस्थेच्या नियमांनुसार जगभर अशा फेऱ्या घेतल्या जातात आणि आता महाराष्ट्रातही मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर अशा शहरांतून त्या निघतात. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला २०, ४०० ला २७ आणि ६०० ला ४० तास अशी वेळेची मर्यादा असते. एका हंगामात, म्हणजे नोव्हेंबर ते पुढचा ऑक्टोबर, या चारही फेऱ्या पूर्ण करणाऱ्याला ‘सुपर राँदोनर’ म्हणतात. घड्याळ सुरू झाले की थांबत नाही. जेवलात, झोपलात, पंक्चर काढले, सगळे त्यातच.

गंमत म्हणजे ही शर्यत नाही. इथे पहिला-दुसरा नंबर काढत नाहीत. तीस तासांत आलेला आणि एकोणचाळीस तासांत आलेला यांची नावे एकाच यादीत लागतात, कोणाच्या नावापुढे क्रमांक नाही. आम्हाला ही गोष्ट फार आवडली. कुठल्या तरी रांगेत पुढे-मागे उभे राहण्यातच ज्यांचा जन्म गेला, त्यांना अशी यादी पाहून बरे वाटतेच.

याचे मूळ जुने आहे. १८९१ साली पॅरिसमधील ‘ल पती जुर्नाल’ या वृत्तपत्राने पॅरिस ते ब्रेस्त आणि परत अशी सुमारे बाराशे किलोमीटरची शर्यत ठेवली. शार्ल तेराँ नावाचा सायकलपटू ती जिंकला, झोप न घेता, ७१ तासांहून थोडा अधिक वेळ घेऊन. धंदेवाईक शर्यत १९५१ नंतर झाली नाही. हौशी लोकांची फेरी मात्र टिकली. आता ती दर चार वर्षांनी निघते आणि बहुतेकांना ९० तासांची मुदत असते. २०१९ आणि २०२३ साली भारतातूनही मोठ्या संख्येने लोक तिकडे गेले. तिथली एक रीत ऐकण्यासारखी आहे. वाटेवरच्या खेड्यांतले लोक रात्री-अपरात्री घरापुढे टेबल मांडून बसतात. पाणी, कॉफी, गरम सूप, खायला काहीबाही. पोरे रस्त्याच्या कडेला हात पुढे करून उभी राहतात, जाणाऱ्याने टाळी द्यावी म्हणून. एका गावातले एक कुटुंब तर वर्षानुवर्षे येणाऱ्या-जाणाऱ्याला कॉफी आणि तिकडची धिरडी खाऊ घालते, आणि पैसे विचारले तर म्हणते, घरी पोचल्यावर एक पोस्टकार्ड टाका. आमच्या पोस्टमन मित्राने हे ऐकले आणि तिथेच ठरवले की एकदा तरी हे गाव बघायचे.

आता मदतीचा नियम ऐका. बीआरएममध्ये मागे-पुढे गाडी ठेवायला बंदी आहे. सायकल बिघडली तर ज्याची त्याने नीट करायची, तहान लागली तर ज्याचे त्याने पाणी मिळवायचे. घरच्या माणसांनी किंवा मित्रांनी मदत करायची ती फक्त ठरलेल्या नाक्यांवर, ज्यांना ‘कंट्रोल’ म्हणतात. तिथे कार्डावर वेळ आणि शिक्का घ्यावा लागतो. प्रत्येक नाका उघडण्याची आणि बंद होण्याची वेळ ठरलेली. नाक्याबाहेर रस्त्यात तुम्ही मित्राच्या हाती नुसती पाण्याची बाटली दिली, तरी त्याची फेरी बाद होऊ शकते.

याच्या अगदी उलट प्रकार अमेरिकेत आहे. तिथे ‘रेस अक्रॉस अमेरिका’ नावाची शर्यत पश्चिम किनाऱ्यावरून पूर्व किनाऱ्यापर्यंत जाते. अंतर सुमारे ४८०० किलोमीटर, मध्ये वाळवंट, रॉकी पर्वत, कॅन्ससची वाऱ्याची मैदाने आणि माणूस पुरता संपल्यावर शेवटी अॅपलेशियनचे चढ. एकट्याने करणाऱ्याला सुमारे बारा दिवस मिळतात. १९८२ साली चार माणसांनी ती सुरू केली. तिथे सोबतीच्या लोकांशिवाय माणूस निघूच शकत नाही. रात्री तर सायकलच्या पाठोपाठ पिवळे दिवे लावलेली गाडी असावीच लागते. २०१५ साली नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी दोघांच्या गटात ती पूर्ण केली. २०१७ साली सैन्यातील डॉक्टर श्रीनिवास गोकुलनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकेकट्याने पूर्ण केली. गोकुलनाथ २०१६ साली अर्ध्यातून बाहेर पडले होते, हेही लक्षात ठेवावे.

त्या शर्यतीतला आमच्या विषयाचा भाग असा. स्लोव्हेनियाचा एक सैनिक, युरे रोबिच, ती पाच वेळा जिंकला. झोपेविना काही दिवस गेले की त्याला भास होत. रस्त्याकडेच्या टपालपेट्या शत्रू वाटून तो सायकलवरून उतरून त्यांच्याशी भांडायला जाई. म्हणून त्याच्या लोकांनी ठरवूनच टाकले होते की पाय त्याचे, पण डोके आमचे. किती खायचे, कधी झोपायचे, पुढचा किती मागे आहे, हे सगळे ते ठरवत आणि तो ऐके. दुसरा माणूस आपल्या बुद्धीवर स्वतःला असा सोपवतो, ही केवढी जोखीम! वहिनींना आम्ही ही हकिकत सांगितली तेव्हा त्या म्हणाल्या, “आमच्या ह्यांचं डोकं एरवी तरी कुठं ठिकाणावर असतं?” पण नंतर त्यांनी ती गोष्ट पुन्हा सांगायला लावली.

सोबत नाक्यावर सुरू होत नाही, सहा महिने आधी घरात सुरू होते. हे कोणी लिहीत नाही. सरावाला रविवार लागतो आणि रविवार हा कष्टकऱ्याच्या घरात एकच असतो. धुणे, दळण, पोरांचे केस कापणे, सासुरवाडीची लग्ने, सगळे त्याच दिवशी. फिटर मित्र पहाटे चारला निघे आणि दुपारी दोनला परते, आल्यावर जेवून आडवा. ती सगळी कामे वहिनींच्या अंगावर. त्यांनी एकदा स्पष्ट सांगितले, “तुम्ही चालवा, पण एक रविवार माझा. त्या दिवशी मी माहेरी जाणार, पोरं तुम्ही बघायची.” महिन्यातला एक रविवार त्यांनी घेतलाच. आम्हाला वाटते, नवरा असल्या छंदाला लागलेल्या प्रत्येक घरात हा करार पहिल्याच महिन्यात व्हावा.

खाण्याचेही शिकावे लागले. इतका वेळ पाय चालवायचे तर तासाला साठ-सत्तर ग्रॅम तरी साखर-पिष्ट पोटात जावे लागते, नाहीतर माणूस एकाएकी रिकामा पडतो. बाजारात यासाठी महागड्या पुड्या मिळतात. आम्ही केळी, खजूर, राजगिऱ्याचे लाडू, मीठ लावलेले उकडलेले बटाटे आणि गुळाची चिक्की यांवर भागवले. दुसरी गोष्ट पाण्याची. नुसते पाणीच पाणी पीत राहिले आणि घामावाटे मीठ जात राहिले, तर रक्तातले क्षार उतरतात. डोके दुखते, मळमळते, माणूस बरळू लागतो. लोक समजतात पाणी कमी पडले आणि आणखी पाणी पाजतात. पोरांच्या जुलाबाला आपण देतो ती पुडी, नाहीतर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हेच औषध इथेही चालते. चमचा चहाचा, पोह्यांचा नव्हे.

२०२३ च्या डिसेंबरात ती फेरी झाली. शनिवारी सकाळी सहाला पुण्याहून सुटायचे, खंबाटकी घाट, सातारा, कराड, कोल्हापूर करत कर्नाटकात संकेश्वरच्या पुढे जाऊन वळायचे आणि त्याच रस्त्याने परत. मुदत रविवारी रात्री दहापर्यंत. सोमवारी फिटर मित्राची पहिली पाळी.

आमच्याकडे गाडी नव्हती. आम्ही तिघे दोन पिशव्या, एक थर्मास आणि दोन चादरी घेऊन एस.टी.ने कोल्हापूरला गेलो. कोल्हापूरच्या बाहेर हमरस्त्यावरचे एक हॉटेल हा नाका होता. जाताना सुमारे २३० किलोमीटरवर आणि परतताना सुमारे ३७० वर, असे दोनदा मित्र तिथे भेटणार. हॉटेलमालकाने आधी आमच्याकडे संशयाने पाहिले. तीन माणसे दुपारपासून बसलीत, चहाच घेताहेत, जात नाहीत. कॉलेजच्या मुलाने त्याला सगळे समजावून सांगितले तेव्हा त्याने मागची खोली उघडून दिली आणि विचारले, “म्हणजे हे लोक पैसे भरून हे करतात?”

संध्याकाळी साडेसहाला दोघे एकत्र आले. चेहरे मिठाने पांढरे, पण तोंडावर हसू. या थांब्याला आम्ही पंचवीस मिनिटे ठरवली होती. नाक्यावर कामाची वाटणी असावी लागते हे आम्हाला त्या दिवशी नीट कळले. मुलाने सायकली घेतल्या: हवा, साखळीला तेल, दिव्यांचे चार्जिंग. वहिनींनी दहीभात पुढे केला. आम्ही कार्डावरचा शिक्का तपासला, बाटल्या भरल्या आणि घड्याळ पाहत बसलो. ‘काय हवे?’ असे दमलेल्या माणसाला विचारू नये. त्याला उत्तर सुचत नाही आणि त्यातच पाच मिनिटे जातात. समोर ठेवावे आणि ‘हे खा’ म्हणावे. पोस्टमन मित्राच्या डाव्या हाताची दोन बोटे बधिर झाली होती. हँडलवर तळहाताची शीर तासन् तास दाबली गेली की असे होते, कधी कधी पुढे काही आठवडे राहते. त्याच्या हँडलवर वहिनींनी आपला जुना मफलर गुंडाळला. सात वाजण्यापूर्वी दोघे अंधारात निघून गेले.

मग रात्र. ती लिहिण्यासारखी थोडी आणि काढण्यासारखी फार. निपाणीच्या पुढे तवंदीचा घाट, हमरस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या, मागे दिवा नसलेल्या, हंगामच तो. आम्ही दर ट्रकच्या आवाजाला दचकत होतो. फोन करायचा नाही असे ठरले होते, कारण चालत्या सायकलवर फोन वाजला तर माणूस उचलायला जातो. त्यांनीच थांबल्यावर करायचा. साडेअकराला वळणावरच्या नाक्यावरून फोन आला, दोघे पोचले, ठीक आहेत. वहिनी तासभर झोपल्या. आम्ही आणि तो मुलगा शेकोटीपाशी बसलो. दोन ते पाच ही वेळ वाईट. शरीराचे घड्याळच त्या वेळी माणसाला खाली ओढते. रात्रपाळी करणाऱ्यांना हे सांगायला नको.

पावणेपाचला एकच दिवा आला. पोस्टमन मित्र. उतरल्याबरोबर म्हणाला, “तो मागे आहे. कागलच्या अलीकडे म्हणाला, तू हो पुढे, मी येतो.” वहिनी काही बोलल्या नाहीत. त्यांनी पेज गरम करायला सांगितली. पोस्टमनला आम्ही वीस मिनिटे झोपवले. आडवे होण्याआधी कडक चहा पाजला, कारण चहा-कॉफीचा परिणाम यायला तेवढाच वेळ लागतो आणि झोपेतून उठताना तो हाताशी येतो. साडेपाचला तो निघाला. निघताना घुटमळत होता. आम्ही त्याला म्हटले, “तू जा. त्याच्यासाठी आम्ही आहोत.” त्याचसाठी तर आलो होतो.

नाका सहा चाळीसला बंद होणार होता. सहा वाजून आठ मिनिटांनी फिटर मित्र आला. शिक्का मिळाला. म्हणजे नियमाने तो अजून फेरीत होता. पण खाली उतरताना त्याने सायकल भिंतीला नव्हे, हवेला टेकवली आणि ती पडली. खुर्चीत बसून तो म्हणाला की वाटेत एका बसथांब्यावर तो थांबला होता, आणि तिथे त्याचे वडील बसलेले होते. वडील जाऊन नऊ वर्षे झाली.

आता काय करायचे? कायद्याने आम्हाला काही अधिकार नाही. त्याने सहा महिने घातलेत. चढ सगळे माहितीचे, पाय शाबूत, वेळ हातात. तो म्हणत होता, “पंधरा मिनिटं झोपतो आणि सुटतो.” कॉलेजचा मुलगा म्हणाला, “काका करतील, त्यांना जाऊ द्या.” आमचेही मन तिकडेच ओढत होते, कारण मित्राने हरू नये असे कोणाला वाटत नाही?

वहिनींनी त्याला पंधरा मिनिटे झोपू दिले. उठवले, तोंडावर पाणी मारले, आणि समोर बसून विचारले, “अहो, धाकटी कितवीत आहे?”

तो बराच वेळ त्यांच्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, “तिसरीत.” धाकटी सातवीत होती.

“आज वार कोणता?”

“सोमवार. पाळीला जायचंय.”

वहिनी उठल्या, त्याच्या सायकलचा पुढचा दिवा काढला आणि पिशवीत टाकला. एवढेच. ना रडणे, ना भाषण. तो चिडला, दोन-चार शब्दही बोलला. ते इथे लिहिण्यासारखे नाहीत. त्यांनी ऐकून घेतले. मग संयोजकांना फोन करून नाव काढून घ्यायचे काम आम्ही केले. फेरी सोडणाऱ्याने हे कळवलेच पाहिजे, नाहीतर ते लोक रात्री रस्त्यावर माणूस शोधत राहतात. सात वाजता तो मागच्या खोलीत झोपला तो साडेदहाला उठला. उठल्यावर पहिला प्रश्न, “तो कुठवर गेला?”

पोस्टमन मित्र तेव्हा कराडच्या पुढे होता. ठरल्याप्रमाणे साताऱ्याच्या नाक्यावर त्याला भेटायचे होते. हॉटेलमालकाने भाजीचा एक रिकामा परतणारा टेंपो थांबवून दिला. त्यात सायकल, पिशव्या आणि आम्ही चौघे. टेंपोवाल्याने पैसे घेतले नाहीत, चहा मात्र घेतला. साताऱ्याला पोस्टमनपेक्षा अर्धा तास आधी आम्ही पोचलो. आणि तिथे, ज्याची फेरी सकाळी सुटली होती त्याच माणसाने त्याच्या सायकलची साखळी पुसली, ब्रेकची घासलेली रबरे बदलली आणि मागच्या चाकाची थोडीशी वाकलेली रीम आऱ्या आवळून सरळ केली. फिटरचा हात तो. कोणी काही बोलले नाही. निघताना पोस्टमनने विचारले, “तुला राग नाही ना?” तो म्हणाला, “पुढचा गियर मोठा ठेवू नकोस, वारा समोरून आहे.”

रविवारी रात्री नऊ वाजून चार मिनिटांनी, म्हणजे एकोणचाळीस तास चार मिनिटांनी, पोस्टमन मित्र पुण्यात पोचला. डाव्या हाताने त्याला सहीसुद्धा करता येईना, नशीब तो उजव्या हाताने लिहितो. शेवटी उभ्या असलेल्या लोकांत त्याच्या ओळखीचे आम्ही चौघेच होतो, पण टाळ्या सगळ्यांनी वाजवल्या, ज्यांची स्वतःची माणसे अजून यायची होती त्यांनीही.

सोमवारी सकाळी फिटर मित्र पहिल्या पाळीला हजर झाला. कारखान्यात कोणीतरी विचारलेच, “झाले का सहाशे?” त्याने सांगितले, “तीनशे सत्तर झाले. पुढचे बायकोने राखून ठेवलेत.” पोस्टमन मित्राने मंगळवारी टपाल वाटले, उजव्या हाताने.

तो दिवा अजून वहिनींच्याच कपाटात आहे. पुढच्या हंगामासाठी फिटर मित्राने पुन्हा सराव धरला आहे, पण या वेळी सुरुवात झोपेपासून केली आहे: आठवडाभर आधी रोज आठ तास, आणि सहाशेच्या फेरीत वळणावरच्या नाक्यावर दीड तास झोपायचेच, पोस्टमन पुढे गेला तरी. दिवा कधी परत द्यायचा ते वहिनी ठरवणार आहेत. तोवर तो दोनशेच्या फेऱ्या करतो आहे, आणि त्या दिवसाउजेडी संपतात.